ग्लॉक पिस्तुलाविषयी मालकांची मते: ती कशी ऐकावीत आणि स्वतः कशी पडताळावीत

अमेरिकेत पहिले पिस्तूल घ्यायला निघालेल्या माणसाने चार बंदूकधारकांना सल्ला विचारला, तर त्यांतल्या निदान दोघांच्या तोंडून ग्लॉकचे नाव निघते. मी विचारले तेव्हा एकाने सांगितले की त्याचे ग्लॉक दहा वर्षांत एकदाही अडकलेले नाही. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे सांगितले की त्याची मूठ हातात ठोकळ्यासारखी लागते आणि चाप ओढताना बोटाला खरखर जाणवते. तिसऱ्याचे म्हणणे होते की बाहेरून लावता येईल असा सुरक्षेचा खटका (सेफ्टी) नसलेले पिस्तूल मुलाबाळांच्या घरात आणूच नये, आणि चौथ्याने ‘ग्लॉक घे आणि मोकळा हो’ एवढ्यावरच विषय मिटवला. चौघांचे ऐकून माझा गोंधळ वाढला. पुढे नेमबाजीच्या रेंजवर नियमाने जाऊ लागल्यावर लक्षात आले की चौघेही खरेच बोलत होते. फक्त प्रत्येक जण वेगळ्या पिढीच्या (म्हणजे सुधारित आवृत्तीच्या) पिस्तुलाविषयी, वेगळ्या हाताविषयी आणि वेगळ्या गरजेविषयी बोलत होता.

असा सल्ला ऐकताना काय विचारावे, त्यातला कोणता भाग स्वतः तपासून पाहता येतो आणि तो कसा तपासावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. ग्लॉकच घ्यावे असा माझा आग्रह नाही. तपासणीनंतर दुसऱ्या कंपनीचे पिस्तूल अधिक योग्य वाटले, तर ते घेणेच शहाणपणाचे आहे.

आधी कायद्याची बाजू

हा भाग रुक्ष असला तरी अमेरिकेतल्या मराठी वाचकाने तो ओलांडून पुढे जाऊ नये, कारण येथे झालेली चूक सुधारता येत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. ही मनाई केवळ विकत घेण्यापुरती नसून बाळगण्यालाच आहे. त्यामुळे मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याचे पिस्तूल हातात घेण्यापूर्वीही आपली स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. रेंजवर कोणी विचारले नाही म्हणजे कायद्याने परवानगी दिली, असा अर्थ होत नाही. पती किंवा पत्नी यांपैकी एक नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल, तर घरातली तिजोरी कोण उघडू शकतो, हाही प्रश्न त्याच बैठकीत विचारून घ्यावा.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घेऊ शकतात. त्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते, खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यापुढे राज्यांचे नियम फार वेगळे आहेत. न्यू जर्सीत पिस्तूल खरेदीसाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया येथे मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) दहापेक्षा अधिक गोळ्या चालत नाहीत. टेक्सासमधला मालक ‘सतरा गोळ्या मावतात’ हे ग्लॉकचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगत असेल, तर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या वाचकाच्या निर्णयात त्या वाक्याला काहीच जागा नाही. कॅलिफोर्नियात सामान्य ग्राहकाला नव्या ग्लॉकांपैकी वर्षानुवर्षे तिसऱ्या पिढीचीच मिळत आली. त्यामुळे तेथील मालकांची मते बहुधा त्या जुन्या रचनेविषयी असतात.

भारतातल्या वाचकांसाठी एवढेच नमूद करतो की ग्लॉक १७ व १९ ला लागणारा ९ मिलिमीटर पॅराबेलम हा बोअर (काडतुसाचे माप) सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलासारख्या दलांच्या हाती ग्लॉक दिसते, तरी साधा परवाना असलेल्या नागरिकाला ते घेता येत नाही. पुढचे सर्व विवेचन म्हणून अमेरिकेतल्या खरेदीदाराला धरून आहे.

मतांच्या मुळाशी असलेली रचना

ग्लॉकविषयीचे जवळजवळ प्रत्येक मत त्याच्या रचनेतल्या तीन-चार निर्णयांकडे जाऊन पोहोचते, त्यामुळे ते निर्णय माहीत असले की ऐकलेले वाक्य नेमके कशाविषयी आहे ते चटकन कळते. ऑस्ट्रियातल्या डॉइच-वाग्राम या गावी गास्टन ग्लॉक यांनी १९६३ मध्ये कंपनी सुरू केली. पडद्यांच्या दांड्या, लष्करासाठी सुऱ्या आणि खंदक खोदण्याची फावडी ही तिची उत्पादने होती. पिस्तुलाचा अनुभव तिला नव्हता. ऑस्ट्रियाच्या लष्कराला जुन्या वाल्थर पी-३८ च्या जागी नवे पिस्तूल हवे होते, तेव्हा ग्लॉक यांनी जे साकारले ते १९८२ मध्ये लष्कराने स्वीकारले, आणि तेच ग्लॉक १७.

त्याची चौकट (मुठीसह खालचा सांगाडा) पोलादाऐवजी पॉलिमरची आहे. म्हणूनच ते हलके असते, घामाने किंवा दमट हवेने गंजण्याची भीती चौकटीला नसते, आणि म्हणूनच काहींना ते खेळण्यासारखे वाटते. स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) आणि नळी मात्र पोलादाचीच आहेत. ऐंशीच्या दशकात ‘हे प्लास्टिकचे पिस्तूल विमानतळावरच्या यंत्राला दिसणार नाही’ अशी जी ओरड अमेरिकेत झाली, तिला आधार नव्हता. बाहेरून हाताने लावायचा खटका ग्लॉकला नाही. त्याऐवजी आत तीन व्यवस्था आहेत: चापाच्या मधोमध असलेली छोटी पट्टी दाबली गेल्याशिवाय चाप मागे येत नाही, चाप पूर्ण ओढला जाईपर्यंत फायरिंग पिनची (काडतुसावर आदळणाऱ्या सुईची) वाट अडलेली असते, आणि पिस्तूल खाली पडले तरी पिन सुटू नये अशी तिसरी अडवणूक असते. या तिन्ही व्यवस्था चाप ओढताच आपोआप बाजूला होतात. पुढे सुरक्षेविषयी जे लिहिले आहे, ते सगळे याच एका वस्तुस्थितीतून येते.

मत देणाऱ्याला विचारायचे प्रश्न

कोणी चांगले किंवा वाईट मत दिले की पहिला प्रश्न मॉडेल आणि पिढी यांचा असावा. नुसते ‘ग्लॉक’ म्हणण्याने काहीच कळत नाही. ग्लॉक १७ पूर्ण आकाराचे आहे, ग्लॉक १९ त्याहून आखूड, पंधरा गोळ्यांचे आणि बहुतेकांना सर्वांत सोयीचे वाटणारे आहे, ग्लॉक २६ तळहातात मावेल एवढे बुटके आहे, आणि ४३एक्स व ४८ ही दोन्ही सडपातळ मुठीची आहेत. सडपातळ मुठीचे हलके पिस्तूल हाताला जो झटका देते, त्यावरून १७ क्रमांकाच्या पिस्तुलाचा अंदाज बांधता येत नाही.

पिढ्यांमधला फरकही असाच मोठा आहे. तिसऱ्या पिढीच्या मुठीवर बोटांसाठी खाचा आहेत. ज्यांच्या बोटांची जाडी त्या खाचांशी जुळते त्यांना त्या आवडतात, आणि ज्यांची जुळत नाही त्यांना उंचवटे बोटांत रुततात. २०१० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत मुठीची पाठ (मागे जोडायचा सुटा भाग) बदलण्याची सोय झाली आणि स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग दुहेरी झाली. त्या स्प्रिंगच्या पहिल्या आवृत्त्यांविषयी तक्रारी आल्यावर कंपनीने २०११ मध्ये त्या बदलून दिल्या. रिकामी काडतुसे थेट तोंडावर उडतात, ही तक्रारही त्याच सुमारास जोरात होती आणि इजेक्टरच्या (रिकामे काडतूस बाहेर फेकणाऱ्या) सुधारित भागाने ती बरीच कमी झाली. २०१७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीत बोटांच्या खाचा काढून टाकल्या गेल्या, नळीची रचना बदलली आणि डावखुऱ्यांसाठी स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारी कळ) दोन्ही बाजूंना आला. त्यामुळे ‘ग्लॉक तोंडावर काडतुसे फेकते’ असे ऐकले की आधी विचारावे, ‘कोणत्या वर्षीचे?’

दुसरा प्रश्न गोळ्यांच्या संख्येचा. पन्नासच्या चार पेट्या झाडून ‘कधीच अडकत नाही’ म्हणणाऱ्याची भावना प्रामाणिक असते, पण पुरावा तोकडा असतो. संख्याशास्त्राचा एक सोपा आडाखा असा की २०० गोळ्यांत एकही अडथळा आला नाही, तरी अडथळ्याचा खरा दर साधारण ६५ ते ७० गोळ्यांमागे एक इतका असू शकतो, आणि ही शक्यता फेटाळण्याइतका पुरावा त्या २०० गोळ्यांत नसतो. २,००० गोळ्या निर्वेध गेल्या असतील तर तीच मर्यादा सुमारे ६७० गोळ्यांमागे एक इथवर खाली येते. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेणाऱ्याने हा फरक नीट समजून घ्यावा.

तिसरा प्रश्न काडतुसांचा. कंपनी कारखान्यात भरलेलीच काडतुसे वापरायला सांगते. घरी पुन्हा भरलेल्या काडतुसांनी झालेल्या बिघाडाची जबाबदारी ती घेत नाही, आणि चौथ्या पिढीपर्यंतच्या बहुकोनी नळ्यांत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत असा सल्ला सर्वत्र दिला जातो, कारण शिसे नळीत साचून दाब वाढू शकतो. नळी फुटल्याची भयंकर हकिगत कोणी सांगितली तर घाबरण्याआधी काडतूस कोठले होते ते विचारावे.

चौथा प्रश्न उपयोगाचा आणि पाचवा पूर्वीच्या सवयीचा. घरात तिजोरीत ठेवण्यासाठी, रोज कमरेला लावण्यासाठी आणि स्पर्धेसाठी पिस्तुलाकडून अपेक्षा वेगवेगळ्या असतात. पोलिसांत काम केलेल्या माणसाचे मत वजनदार असते, पण तेही कान उघडे ठेवून ऐकावे. न्यू यॉर्क शहराच्या पोलीस दलात दीर्घकाळ मुद्दाम जड केलेला चाप वापरला जात असे. कारखान्याच्या नेहमीच्या चापाला साधारण अडीच किलो ओढ लागते, तर त्या चापाला पाच किलोहून अधिक लागत असे. तेथून निवृत्त झालेला अधिकारी ‘ग्लॉकचा चाप फार जड’ म्हणाला, तर तो दुकानात तुमच्या हाती येणाऱ्या चापाविषयी बोलत नाही. शिवाय पोलीस दल पिस्तूल निवडते तेव्हा किंमत, सुट्या भागांचा पुरवठा आणि हजारो जणांचे प्रशिक्षण या गोष्टीही पाहते. एफबीआयने २०१६ मध्ये पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळताना ग्लॉक निवडले, हे खरे असले तरी तुमच्या तळहाताला ते जुळेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

रेंजवर काय तपासावे

विकत घेण्याआधी निदान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, भाड्याचे ग्लॉक १७ किंवा १९ आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या कंपनीचे तशाच आकाराचे एखादे पिस्तूल झाडून पाहावे. प्रशिक्षक बरोबर असेल तर उत्तमच. स्मिथ अँड वेसन एम अँड पी, सिग, वाल्थर, सीझेड यांपैकी जे मिळेल ते चालेल. तुलनेला काहीतरी हाताशी असल्याशिवाय पहिल्या अनुभवावरून मत बनवू नये.

उजव्या हाताच्या नवशिक्यांची सर्वांत ठरावीक तक्रार म्हणजे ‘ग्लॉकच्या गोळ्या खाली डावीकडे जातात’. मीही पहिल्या दिवशी हेच म्हणालो होतो आणि साइट (नेम धरण्याची खूण) बिघडली आहे अशी माझी खात्री होती. प्रशिक्षकांनी वाद घातला नाही. त्यांनी माझे मॅगझिन घेतले, मला पाठ फिरवायला सांगितली आणि भरून परत दिले. तिसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसता टक् असा आवाज झाला, गोळी सुटलीच नाही, आणि तरीही पिस्तुलाचे तोंड बोटभर खाली डावीकडे झुकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्यांनी खऱ्या काडतुसांत एक दारू नसलेले सरावाचे काडतूस घातले होते. झटका येणार या भीतीने माझे मनगट आधीच खाली दाबत होते आणि चाप ओढताना बाकीची बोटेही आवळली जात होती. साइटचा काही दोष नव्हता. ही चाचणी प्रत्येकाने प्रशिक्षकाकडून करून घ्यावी. त्यानंतरही शंका राहिली, तर तेच पिस्तूल अनुभवी माणसाने टेबलावर हात टेकवून झाडावे. त्याच्या गोळ्या मध्यभागी गेल्या तर प्रश्न हाताचा आहे, आणि त्याच्याही बाजूला गेल्या तर साइटचा.

‘अडकते’ या तक्रारीचीही अशीच फोड करावी लागते. पॉलिमरचे हलके पिस्तूल ढिल्या मनगटाने धरले तर सगळी चौकटच मागे सरकते, स्लाइडला पुरता जोर मिळत नाही आणि रिकामे काडतूस बाहेर पडण्याऐवजी चिमटीत अडकून उभे राहते. नवख्याच्या हाती अडकणारे आणि प्रशिक्षकाच्या हाती सुरळीत चालणारे तेच पिस्तूल मी अनेकदा पाहिले आहे. त्याबरोबर मॅगझिनवर रंगाने १, २, ३ असे क्रमांक घालावेत. प्रत्येक वेळी दोन क्रमांकाचेच मॅगझिन असताना अडथळा येत असेल, तर पिस्तुलाला दोष देण्यात अर्थ नाही.

मुठीच्या झुकावाविषयी जी टीका होते ती १९११ पद्धतीचे (जुन्या अमेरिकी लष्करी रचनेचे) पिस्तूल वर्षानुवर्षे वापरलेल्यांकडून अधिक ऐकू येते, कारण ग्लॉकची मूठ अधिक तिरकी आहे आणि जुन्या सवयीच्या हातात त्याचे तोंड वर राहते. दुकानदाराच्या परवानगीने, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामे असल्याची खात्री करून आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याच्या उंचीला उचलावे आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरीच वर दिसली, तर ही टीका तुमच्या हातालाही लागू आहे. मात्र ज्याला आधीची सवयच नाही, त्याचे मनगट काही आठवड्यांत जुळवून घेते. म्हणून केवळ या एका कारणाने नवशिक्याने ग्लॉक नाकारू नये, असे माझे मत आहे.

हात लहान असणाऱ्यांनी मुठीची पाठ न जोडता आणि जोडून, अशा दोन्ही प्रकारे पकडून पाहावे. तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर आली पाहिजे आणि त्यासाठी हात मुठीवर फिरवून घ्यावा लागता कामा नये. हात मांसल असेल तर पन्नास गोळ्यांनंतर अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या कातडीकडे पाहावे. तेथे दोन समांतर लाल ओरखडे उमटले असतील, तर स्लाइड मागे येताना कातडीला घासते आहे. चौथ्या आणि पाचव्या पिढीबरोबर मिळणारी वर शेपटीसारखा भाग असलेली पाठ जोडून तो त्रास थांबतो का, हे लगेच तेथेच पाहावे.

कारखान्याच्या प्लास्टिक साइटविषयी मालकांचे जवळजवळ एकमत आहे, आणि ते बरोबर आहे. मागे पांढरी रेषा काढलेली चौकोनी खाच आणि पुढे पांढरा ठिपका, ही जोडी नेम धरायला पुरेशी असली तरी होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) रोज घासून झिजते. पोलादी साइटचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. पिस्तुलाची किंमत साधारण ५०० ते ६५० डॉलर असेल, तर साइट, चांगले होल्स्टर, छोटी तिजोरी, प्रशिक्षण आणि पहिल्या हजार गोळ्या मिळून तेवढीच रक्कम सहज लागते.

खटका नसण्याविषयीचे मत

या मुद्द्यावर मालकांत सर्वांत तीव्र मतभेद आहेत. समर्थक सांगतात की संकटात विसरता येईल असे काही बाहेर ठेवलेले नाही, हीच ग्लॉकची खरी ताकद. विरोधक सांगतात की चापावर पडणारी प्रत्येक वस्तू म्हणजे बोटच, असे ग्लॉक समजते. दोन्ही विधाने बरोबर आहेत. तिन्ही अंतर्गत व्यवस्था पिस्तूल पडल्यावर गोळी सुटण्यापासून वाचवतात, पण चापात अडकलेल्या बोटापासून, जाकिटाच्या गोंड्यापासून किंवा होल्स्टरच्या मऊ झालेल्या दुमडीपासून वाचवत नाहीत. २००४ मध्ये ऑरलँडो येथे मुलांना आणि पालकांना बंदुकीच्या सुरक्षेचे व्याख्यान देणाऱ्या एका संघीय अधिकाऱ्याच्या हातातल्या ग्लॉकमधून गोळी सुटून त्याच्याच पायाला लागली. पिस्तूल मोकळे असल्याचे त्याने मानले होते.

म्हणून ग्लॉक घेणाऱ्याने चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर घेतल्याशिवाय ते अंगावर लावू नये, पर्समध्ये किंवा खिशात सुटे टाकू नये, आणि होल्स्टरमध्ये परत ठेवताना घाई करू नये. शर्टाचे टोक हाताने बाजूला धरावे, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी पाहावे आणि मगच पिस्तूल सावकाश आत सरकवावे. हे सारे समजून घेतल्यावरही मन धास्तावलेलेच राहत असेल, तर खटका असलेले पिस्तूल घ्यावे. एम अँड पी तशा रूपातही मिळते. ती धास्ती दडपून ग्लॉक घेण्याचे काहीच कारण नाही.

पिस्तूल सुटे करण्याच्या पद्धतीवरचा आक्षेपही याच्याशी जोडलेला आहे. साफ करण्यासाठी ग्लॉक उघडताना चाप ओढावाच लागतो. माझ्या समोर एका दुकानात विक्रेत्याने बोलता बोलता मॅगझिन काढले आणि चेंबरकडे न पाहताच चाप ओढला. ते रिकामे निघाले, परंतु मी तेथून काहीही न घेता बाहेर पडलो. क्रम असा पाळावा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून यावीत. मॅगझिन आधी काढावे आणि स्लाइड नंतर मागे ओढावी, कारण हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये शिरते. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये उजेडात पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे. नजर वळवून पुन्हा एकदा पाहावे. मगच स्लाइड सोडून, गोळी सुटली तरी अडेल अशा दिशेला तोंड ठेवून चाप ओढावा. त्यानंतर स्लाइड जरा मागे घेऊन दोन्ही बाजूंच्या छोट्या खुंट्या खाली ओढल्या की ती पुढे सरकून निघते. तेल काही थेंबच लावावे. फायरिंग पिनच्या वाटेत तेल जाऊ देऊ नये, कारण तेथे काजळी आणि तेल यांचा गाळ साचून पिन मंदावते.

गणपतीला किंवा हळदीकुंकवाला घर पाहुण्यांच्या मुलांनी भरते, तेव्हा कपाटाचा वरचा कप्पा सुरक्षित नसतो. पिस्तुलाबरोबर मिळणारे केबल कुलूप ही किमान सोय झाली. भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टने घट्ट बसवलेली छोटी तिजोरी त्याहून चांगली.

वापरलेले ग्लॉक पाहताना

पोलीस दलांनी बदलून टाकलेली ग्लॉक पिस्तुले दुकानांत स्वस्तात येतात, विशेषतः .४० कॅलिबरची (९ मिलिमीटरहून जाड गोळीची). त्यांच्याविषयीची मालकांची चांगली मते बहुतेक वेळा खरी ठरतात, कारण अशी पिस्तुले कमरेला पुष्कळ फिरलेली आणि कमी झाडलेली असतात. हातात घेतल्यावर स्लाइडच्या पुढच्या कोपऱ्यांवरचा काळा थर उडून चकचकीत पोलाद दिसले तर बिचकू नये, ते होल्स्टरचे घासणे आहे. त्याऐवजी विक्रेत्याकडून ते उघडून घ्यावे, चौकटीत बसवलेल्या चारही पोलादी पट्ट्या सरळ आणि सारख्या उंचीच्या आहेत का ते पाहावे आणि नळीतून उजेडाकडे पाहून फुगवटा किंवा वर्तुळाकार सावली दिसते का ते तपासावे. रात्री चमकणाऱ्या साइट असतील तर दोन्ही हातांच्या ओंजळीत अंधार करून पाहावे. त्यातील ट्रिटियम या चमक देणाऱ्या किरणोत्सारी वायूचे अर्धायुष्य सुमारे बारा वर्षांचे असते, त्यामुळे जुन्या पिस्तुलाच्या साइट मंद होणारच आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागावेत. मात्र .४० चा झटका ९ मिलिमीटरपेक्षा तीव्र असतो. स्वस्त मिळते म्हणून नवशिक्याने ते घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

स्वतःची वही

खरेदीनंतर पहिल्या दिवसापासून एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक फेरीनंतर तारीख, गोळ्यांची संख्या, काडतुसाचे नाव, मॅगझिनचा क्रमांक आणि अडथळा आल्यास त्याचे नेमके रूप लिहावे. स्वसंरक्षणासाठी निवडलेली पोकळ टोकाची काडतुसे महाग असतात, तरी तीही पुरेशी झाडून पाहावीत. सरावाच्या गोल टोकाच्या गोळ्या सुरळीत चालल्या म्हणून ती चालतीलच असे नाही. चाप, स्प्रिंग यांसारखे सुटे भाग बदलण्याचे सल्ले पुष्कळ मिळतील. पहिल्या हजार गोळ्या होईपर्यंत साइटखेरीज काहीही बदलू नये, नाहीतर बिघाड कारखान्याचा की बदललेल्या भागाचा हे ठरवता येत नाही.

पुढे कोणी तुम्हाला ग्लॉकविषयी विचारील तेव्हा ही वही उघडावी. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आज असे आहे: ग्लॉक १९, पाचवी पिढी, पोलादी साइट, बाकी सर्व कारखान्याचे. १,८५० गोळ्या, कारखान्यात भरलेल्या. अडथळे दोन, दोन्ही पहिल्या शंभर गोळ्यांत, माझ्या ढिल्या मनगटामुळे. मध्यम हात, मधली पाठ. गोळ्या अजूनही दमल्यावर डावीकडे जातात.